परसातील रोप आणि कायद्याचे माप

दसरा उलटून तुरीला फुलोरा येऊ लागला, की मराठी वर्तमानपत्रांच्या जिल्हावार पानांवर एक ठरावीक बातमी दिसू लागते. अमुक तालुक्यात उसाच्या, मक्याच्या किंवा तुरीच्या पिकात लावलेली गांजाची झाडे पोलिसांनी उपटली, पंचांसमक्ष ‘ओला गांजा’ म्हणून त्यांचे वजन केले, इतक्या लाखांचा मुद्देमाल जप्त झाला आणि शेतमालकास अटक झाली. झाडांची संख्या, किलोंचा आकडा आणि बाजारभावाने काढलेली किंमत या सर्वांची नोंद त्या बातमीत असते. परंतु ती झाडे विक्रीसाठी लावली होती की लावणाऱ्याच्या स्वतःच्या चिलमीपुरती, याविषयी तीत बहुधा अवाक्षरही नसते. हा दोष बातमीदाराच्या माथी मारता येणार नाही, कारण ज्या कायद्याखाली ही जप्ती होते त्या कायद्यासच हा प्रश्न विचारण्याचे प्रयोजन वाटलेले नाही. घरापुरते रोप लावणारा आणि व्यापारासाठी मळा पिकवणारा यांच्यात न्यायाच्या दृष्टीने जो मूलभूत भेद आहे, तो आपल्या कायद्याने पुसून टाकला आहे. आणि तो पुन्हा प्रस्थापित झाला पाहिजे, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे. व्यसनाचे समर्थन करण्याचा माझा हेतू नाही. नशेने उद्ध्वस्त झालेली घरे महाराष्ट्राने पुष्कळ पाहिली आहेत. परंतु दंड हा अपराधाच्या प्रमाणात असावा हे तत्त्व व्यसनी मनुष्याच्या बाबतीतही रद्द होत नाही.

गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा १९८५ चा अधिनियम, जो कचेऱ्यांत आणि न्यायालयांत ‘एनडीपीएस’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो, त्याचे कलम २० शांतपणे वाचून पाहावे. या कलमाच्या एका भागात गांजा जवळ बाळगणे, विकत घेणे, वाहून नेणे इत्यादी अपराधांची शिक्षा सांगितली असून तेथे प्रमाणाचा विचार केलेला आहे: १ किलोपर्यंत ‘अल्प प्रमाण’, २० किलोंच्या वर ‘व्यापारी प्रमाण’, आणि अल्प प्रमाणास शिक्षा फार तर १ वर्षाची. दुसऱ्या भागात झाड लावण्याच्या अपराधाची शिक्षा आहे. ती १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड अशी असून तेथे प्रमाणाचा उल्लेखच नाही. म्हणजे जो मनुष्य चोरट्या बाजारात जाऊन, अनोळखी इसमास पैसे देऊन, अर्धा किलो गांजा घरी आणतो, त्याला अधिकात अधिक १ वर्ष. आणि जो त्या बाजाराकडे पाठ फिरवून आपल्या परसात एक रोप लावतो, तो १० वर्षांच्या शिक्षेस पात्र. प्रत्यक्षात न्यायाधीश इतकी शिक्षा देत नसतील, हे मान्य. तथापि अटक, जामीन, तारखा आणि वकिलाचा खर्च ही शिक्षा निकालाआधीच भोगावी लागते, आणि ती कलमात लिहिलेल्या कमाल मर्यादेच्या सावलीत भोगावी लागते. अधिक खेदाची गोष्ट अशी की, १९८५ च्या मूळ कायद्यात लागवडीची कमाल शिक्षा ५ वर्षे होती. २००१ साली शिक्षा प्रमाणानुसार वाजवी करण्याच्या उद्देशाने जी दुरुस्ती झाली, तिने बाळगणाऱ्याला प्रमाणाचा लाभ दिला आणि लावणाऱ्याची शिक्षा मात्र दुप्पट केली.

या वनस्पतीचा स्वभाव पाहिला तर कायद्यातील विसंगती अधिकच उठून दिसते. एकाच झाडाची पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, आणि त्या शेंड्यांवरील चिकट राळ म्हणजे चरस. अधिनियमाच्या व्याख्येत गांजा म्हणजे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांसोबत नसलेली पाने आणि बिया त्यातून वगळलेल्या आहेत. ही सवलत केंद्रीय कायद्याची असून, १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने भांगही मादक द्रव्यांत धरल्यामुळे महाराष्ट्रात ती परवान्यावाचून उपयोगाची नाही, हा भाग वेगळा. परंतु पान निषिद्ध नाही आणि पान देणारे झाड लावणे मात्र १० वर्षांचा अपराध, ही रचना तर्कास धरून नाही. शिवाय पोलीस पंचनाम्यात जे वजन मांडले जाते, त्यात बहुधा शेंडे, पाने, खोड, कधी मुळे आणि मुळांना चिकटलेली मातीही असते. ताज्या हिरव्या फुलोऱ्याच्या वजनात सुमारे तीनचतुर्थांश पाणीच असते. म्हणून ‘ओला गांजा’ हा शब्दच न्यायाच्या मापाला धक्का देणारा आहे. व्याख्येतील गांजा किती, हे वाळवून, पाने-देठ वेगळे केल्यावाचून कळणार नाही.

उघड्यावर वाढणाऱ्या झाडाला आणखी एक नियम आहे. रात्र लांबू लागली की ते फुलोऱ्यावर येते, आणि म्हणून त्याची कापणी वर्षातून एकदाच, एकाच सुमारास पदरात पडते. केसरांचा रंग पांढऱ्यावरून तपकिरी होणे, राळेचे काचेसारखे स्वच्छ बारीक कण दुधाळ होऊन पुढे पिवळसर होणे, ही पक्वतेची लक्षणे जाणकार मनुष्य पाहतो. आणि कापलेल्या फांद्या अंधाऱ्या, हवेशीर जागी सावकाश वाळवतो, कारण उन्हात घाईने वाळवलेला माल बिघडतो आणि ओलसर राहिलेल्या फुलोऱ्यात बुरशी धरते. घरापुरते पिकवणाऱ्याच्या हाती वर्षाचा सगळा साठा एकाच आठवड्यात येतो, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

आता प्रश्न असा की, झाड लावण्यावरच हा विशेष रोष का? माझ्या मते त्याचे मूळ नीतिशास्त्रात सापडत नाही. ते खजिन्यात सापडते. २ मार्च १८९३ रोजी ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहात विल्यम केन या मद्यपानविरोधी सभासदाने हिंदुस्थानातील गांजाविषयी प्रश्न उपस्थित केला आणि त्यातून मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला गेला. त्याने देशभर फिरून ११९३ साक्षीदारांच्या जबान्या घेतल्या आणि १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल सिद्ध केला. वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदवह्यांत ‘वेडाचे कारण’ या रकान्यात ‘गांजा’ हा शब्द कोण लिहितो, याची या आयोगाने कसून चौकशी केली. आणि पुष्कळ ठिकाणी तो शब्द पोलिसांच्या किंवा मॅजिस्ट्रेटच्या कागदावरून चौकशीवाचून उतरवला जातो, असे त्याला आढळून आले. मर्यादित सेवनाने बहुधा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, आणि पूर्ण बंदी आवश्यकही नाही आणि इष्टही नाही, हा त्याचा निष्कर्ष होता. सर्वच सदस्य या मताचे नव्हते. राजा शशिशेखरेश्वर राय आणि लाला निहालचंद या दोन हिंदी सदस्यांनी आपले भिन्न मत नोंदवून ठेवले, आणि त्यांच्या चिंतेला आजही मान दिला पाहिजे.

परंतु याच सहिष्णु आयोगाने ज्या शिफारशी केल्या त्यांत परवान्यावाचून लागवडीस मनाई आणि लागवडीचे केंद्रीकरण या दोन्हींचा समावेश होता. कारण स्पष्ट आहे. सेवनावर नियंत्रण ठेवण्याचे साधन म्हणून आयोगाने कर निवडला होता, आणि घराघरांत उगवणाऱ्या झाडावर कर बसवता येत नाही. या व्यवस्थेचे सर्वांत पूर्ण रूप बंगालमधील राजशाही जिल्ह्याच्या नौगाव भागात पाहावयास मिळे. १८७७ साली हेमचंद्र केर यांनी या लागवडीवर आणि व्यापारावर सरकारसाठी स्वतंत्र अहवालच लिहिला होता. श्रावणात रोपवाटिकेत बी पडे, भाद्रपदात वरंब्यांवर रोपे लागत, आणि कार्तिकाच्या सुमारास ‘पोद्दार’ या नावाचा तज्ज्ञ शेताशेतांतून फिरून नर झाडे ओळखून उपटून टाकी. कारण एक नर झाड राहिले तरी वाऱ्यावर उडणारा त्याचा पराग भोवतालच्या माद्यांत बी धरवून मालाची प्रत खालावतो. माघ-फाल्गुनात कापणी होई, आणि कापलेले शेंडे रचून, पायांनी तुडवून, पुन्हा रचून ‘चपटा गांजा’ तयार होई. यानंतर तो माल अबकारी खात्याच्या देखरेखीखालील वखारीत जाई आणि जकात भरून परवानाधारक व्यापाऱ्यांच्या हाती पडे. मध्य प्रांतात खांडव्याकडे आणि मुंबई इलाख्यात अहमदनगर जिल्ह्यात हेच पीक परवान्याने होत असे. सरकारने त्या काळी गांजाला पाप मानले नव्हते. त्याने तो इजारा मानला होता, आणि इजाऱ्याच्या बाहेर उगवलेले झाड म्हणजे महसुलाची चोरी, ही त्यामागील धारणा होती.

पुढे १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये, ज्या देशांत असे सेवन परंपरेने चालत होते त्यांना ते थांबवण्यासाठी २५ वर्षांची मुदत मिळाली. तो करार १९६४ च्या डिसेंबरात अमलात आला आणि १९८९ मध्ये ती मुदत संपली. अबकारी उत्पन्नाचा हेतू गेला, परवाने गेले, वखारी गेल्या. मात्र अनधिकृत झाडाविषयीचा जुना रोष तसाच राहून आता त्याला दंडसंहितेचे बळ मिळाले. ज्या नियमाचे कारण नष्ट झाले आहे, तो नियम अधिक कठोर होऊन टिकून राहावा, ही गोष्ट कोणत्याही विचारी समाजाने स्वस्थपणे मान्य करू नये.

अपायाचा प्रश्न मी टाळू इच्छीत नाही. किशोरवयात नित्य सेवन करणाऱ्यांत आणि तीव्र मालाच्या आहारी जाणाऱ्यांत मनोविकाराचा धोका वाढतो, हे वैद्यक आज निःसंदिग्धपणे सांगते. घरच्या झाडात एक विशेष धोकाही आहे: त्याची तीव्रता लावणाऱ्यालाही ठाऊक नसते. कच्च्या पानात जे द्रव्य असते ते उष्णतेने पालटून मादक होते, म्हणून तुपात परतलेले किंवा शिजवलेले पान कच्च्या वाटलेल्या पानाहून निराळे वागते. आणि पोटात गेलेल्या भांगेचा अंमल चढण्यास तासभर, कधी दोन तास लागत असल्यामुळे अनभिज्ञ मनुष्य ‘काहीच झाले नाही’ म्हणून आणखी घेतो आणि मग घाबरा होतो. होळीच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलेले तरुण बहुधा या चुकीचे बळी असतात. हे सर्व खरे आहे. तरीही चोरट्या बाजारातल्या पुडीत काय आहे, त्यावर कोणती फवारणी झाली, त्यात काय मिसळले, हे घेणाऱ्याला जितके अज्ञात असते, तितके आपल्या हाताने पाणी घालून वाढवलेले झाड अज्ञात नसते. आणि ते लावणाऱ्याचे पैसे तस्करांच्या साखळीत जात नाहीत, हा लाभ समाजाचा आहे.

इतर देशांनी हा प्रश्न झाडांची संख्या मोजून सोडवण्याचा यत्न केला आहे. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीस स्वतःपुरती ३ झाडे लावता येतात. ती मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी व्यवस्था करणे बंधनकारक असून त्यांचा माल दुसऱ्यास देता येत नाही. मात्र घरातील वाळलेला साठा ५० ग्रॅमपर्यंतच असावा, ही तेथील अट मला निसर्गाशी विसंगत वाटते, कारण मोकळ्या जमिनीत जोमाने वाढलेले एकच झाड शरद ऋतूत त्याच्या कितीतरी पट माल एकदम देते आणि प्रामाणिक लावणाऱ्याला एक तर तो जाळावा लागतो किंवा कायदा मोडावा लागतो. कॅनडाने २०१८ साली प्रत्येक कुटुंबास ४ झाडांची मुभा दिली आणि घरातील साठ्यास संघीय कायद्याने मर्यादा घातली नाही. हे अधिक समंजस आहे. दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाने त्याच वर्षी प्रौढाने खाजगी जागेत स्वतःसाठी केलेली लागवड खाजगीपणाच्या हक्कात बसते असा निर्णय दिला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाद्वारे खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. त्या निर्णयातून गांजा लावण्याचा हक्क आपोआप निघतो असे मी म्हणत नाही. परंतु राज्याने परसाचे कुंपण ओलांडताना आपला हस्तक्षेप प्रमाणशीर आहे हे सिद्ध केले पाहिजे, इतके त्यातून निश्चित निघते.

सोलापूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने २०२१ साली, कोणत्याच पिकाला हमखास भाव मिळत नाही म्हणून दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली होती. त्या अर्जामागील व्यथा खरी असली तरी तो प्रश्न शेतमालाच्या भावाचा आणि व्यापारी लागवडीचा आहे, आणि या दोन प्रश्नांची सरमिसळ झाली की दोन्ही बिघडतात. याच वनस्पतीची तंतूसाठी आणि बियांसाठी होणारी लागवड हा तिसरा प्रश्न असून त्यासाठी कलम १४ खाली परवानगी देण्याचा मार्ग उत्तराखंडाने अवलंबिलेला आहेच.

मला सुचवावयाचे ते इतकेच की, संसदेने कलम २० मधील लागवडीच्या भागातही प्रमाण आणावे, आणि ते ओल्या किलोंत न मोजता झाडांच्या संख्येत मोजावे. तीन-चार झाडांपर्यंत, विक्रीचा पुरावा नसल्यास, तुरुंगाची शिक्षा असू नये. फार तर दंड असावा, आणि झाडे लहान मुलांच्या हाताशी ठेवल्यास तो वाढावा. विक्रीचा हेतू मुद्देमालावरून गृहीत न धरता तराजू, पुड्या, देवघेवीच्या नोंदी अशा स्वतंत्र पुराव्याने शाबीत व्हावा. अशा झाडांची तलाठ्याकडे किंवा पोलीस ठाण्यात नोंद करण्याची सक्ती मात्र नसावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जर्मनीतही घरी लावणाऱ्यावर ती नाही. आपल्याकडे सातबाऱ्याच्या साध्या नोंदीसाठी रयतेला जे हेलपाटे घालावे लागतात ते ध्यानात घेता, असे दप्तर म्हणजे वर्षानुवर्षे चालणाऱ्या खंडणीचे एक नवे साधन होईल, आणि ज्याला नोंद करण्याची भीती वाटेल तो पुन्हा त्याच चोरट्या बाजाराकडे वळेल.