काटा कोणी टाकला?

पावसाळ्यात ताम्हिणी घाटाच्या रस्त्यावर धबधबे पाहायला पुण्या-मुंबईची माणसे लोटतात. ती परत गेली की मागे उरतात वेफर्सची, बिस्किटांची चकचकीत पाकिटे. भंगारवालासुद्धा ती उचलत नाही. प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते वेगळे करणे परवडत नाही. म्हणून त्यांना भाव नाही, आणि ज्याला भाव नाही त्याला वालीही नाही.

पुण्याच्या 'रीचरखा' या संस्थेने अशा पाकिटांना वाली मिळवून दिला. मुळशी तालुक्यातल्या भरे गावी तिने हे काम उभे केले. पाकिटे धुवायची, वाळवायची, रंगाप्रमाणे निवडायची, कात्रीने लांब पट्ट्या कापायच्या. मग त्या चरख्यावर गुंडाळून हातमागावर विणायच्या. त्यातून पिशव्या आणि घर सजवण्याच्या वस्तू तयार होतात. हातांना काम मिळते आणि कचरा तेवढा कमी होतो. हे चांगलेच आहे, यात शंका नाही.

तरीही एक प्रश्न मनातून जात नाही. माझी दादी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायची. ते लुगडे तिने वर्षानुवर्षे नेसलेले असे. पाकिटाचे आयुष्य मात्र पाच मिनिटांचे. ते फेकण्यासाठीच बनवलेले असते. मग त्याची सुंदर पिशवी झाली म्हणून फेकणाऱ्याचा आणि बनवणाऱ्याचा दोष फिटतो का?

वाटेतला काटा दूर करणे हा सदका आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण काटा टाकणाऱ्याचे काय? एकाने टाकत राहायचे आणि दुसऱ्याने उचलत राहायचे, अशी वाटणी झाली तर उचलणाऱ्याचा सवाब ही टाकणाऱ्याची सोय होऊन बसते. इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, वस्तू सुंदर झाल्याने माफ होत नाही.

मुळशीला ही वाटणी नवी नाही. मुंबईला वीज हवी होती म्हणून टाटांच्या धरणाखाली इथली गावे आणि शेते गेली. त्याविरुद्ध १९२१ साली इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यांचे नेते झाले. सुख एकाचे आणि भार दुसऱ्यावर, हे तेव्हाही होते, आजही आहे.

कायद्याने आता याची थोडी दखल घेतली आहे. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनी वेष्टन बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवरही त्याची जबाबदारी टाकली. पण आपली जबाबदारी कोणता नियम ठरवणार?

विणणाऱ्या हातांना सलाम करू या, त्यांच्या पिशव्याही जरूर घेऊ या. फक्त ती पिशवी खांद्याला लावून पुन्हा तीच पाकिटे भरून आणायची असतील, तर आपण पिशवी नव्हे, स्वतःच्या मनाची समजूत विकत घेतली, एवढे कबूल करावे. दादीच्या गोधडीत दुसऱ्याने फेकलेला एकही तुकडा नव्हता.