व्हय म्हाराजा

प्रयोगाआधी विंगेत गाऱ्हाणं घालायची आमच्या सिंधुदुर्गात रीत आहे. मुंबईहून आलेलं व्यावसायिक नाटक असो, राज्य नाट्य स्पर्धेतलं हौशी मंडळाचं असो, नाहीतर आमच्या महाविद्यालयाची युवा महोत्सवातली अर्ध्या तासाची एकांकिका. टेबलावर नटराजाची पितळी मूर्ती, दोन अगरबत्त्या आणि नारळ मांडला जातो. आमचे शिपाईकाका टोपी सारखी करून पुढे होतात आणि 'बा देवा म्हाराजा' म्हणून सुरुवात करतात. पोरांना शब्द आठवू दे, लाइटवाल्याचा हात चुकू देऊ नको, काय चुकला-माकला असात तर सांभाळून घे. प्रत्येक मागणीनंतर आम्ही सगळे एका सुरात म्हणतो, 'व्हय म्हाराजा'.

अठ्ठावीस वर्षं मी त्या घोळक्यात उभी राहिले. मराठी शिकवते आणि एकांकिका बसवते. देवावर माझा विश्वास नाही. कॉलेजात असतानाच तो गेला आणि त्याबद्दल मला कधी हुरहुर वाटली नाही. घरात देव्हारा नाही, उपास नाही. तरीही विंगेत मी हात जोडायचे, 'व्हय म्हाराजा' म्हणायचे, रंगमंचाला हात लावून कपाळाला लावायचे. यात काही विसंगती आहे असं मला वाटलंच नव्हतं. कुणी विचारलं असतं तर 'कलेला नमस्कार' असं काहीतरी उत्तर दिलं असतं. कुणी विचारलं नाही.

मग एका वर्षी त्या सुरातला एक आवाज कमी पडला. अकरा जणांची टीम, दोन महिने रोज संध्याकाळी त्यांचे आवाज ऐकलेले. एक नसला तर कानाला कळतं. नटराजाच्या टेबलापासून दहा-बारा पावलांवर, अंधारात, आमचा मुख्य नट लेव्हलजवळ, म्हणजे मंचावरच्या लाकडी चौथऱ्याजवळ, उभा होता. हात बाजूला, तोंड मिटलेलं. तो रुसला नव्हता, घाबरलाही नव्हता. आमचं आटपायची वाट बघत शांत उभा होता.

एकांकिका आमच्याच तिसऱ्या वर्षाच्या मुलीनं लिहिलेली. गावच्या देवळाचा म्हातारा गुरव. देवळाचा जीर्णोद्धार होतोय, आता पगारी पुजारी येणार, गुरवाची ही शेवटची पूजा. तो गुरव हा मुलगा करत होता. शेवटच्या प्रवेशात मंचावर देव नाही, देऊळ नाही. एक रिकामी लेव्हल आणि तिच्यावर वरून पडणारा पिवळा झोत. सहा मिनिटं संवाद नाही. तो रिकाम्या हातांनी पाणी घालतो, ओलं फडकं पिळतो, सहाणेवर चंदन उगाळतो, दगडाच्या कपाळावर बोट टेकवतो. हे शिकायला तो पंधरा दिवस पहाटे एका देवळाच्या पडवीत जाऊन बसला होता, हे मला नंतर कळलं. त्या रात्री प्रेक्षागृहात कुणी खोकललंसुद्धा नाही. मी विंगेत उभी होते. त्याचं बोट त्या नसलेल्या दगडावर टेकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याच क्षणी आठवलं की अर्ध्या तासापूर्वी याच मुलानं हात जोडले नव्हते.

परतताना टेम्पोत मी लेव्हलवर बसले होते, तो समोर कपड्यांच्या ट्रंकेवर. त्यानंच विषय काढला.

"मॅडम, गाऱ्हाण्याला आलो नाही म्हणून रागावलात?"

नाही म्हटलं. कारण विचारलं.

"आमच्या घरात बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावल्यात. आजोबांनी लावल्या. पहिलीच ब्रह्मा-विष्णू-महेशाबद्दल आहे. नटराज म्हणजे महेशच ना?"

"मग मघाशी मंचावर पूजा केलीस ती?"

त्याला प्रश्न कळायला थोडा वेळ लागला. त्याच्या दृष्टीनं त्यात प्रश्नच नव्हता. "ती गुरवाची होती मॅडम. ती खोटी करून चालणार नाही. आणि माझ्या नावानं करायची तर तीही खोटी करून चालणार नाही."

कुडाळ येईपर्यंत आम्ही दुसऱ्याच गोष्टी बोलत होतो. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. दोन पूजा, दोन्हींत त्याचा विश्वास नाही. एक त्यानं जीव ओतून केली आणि दुसरी साफ नाकारली, आणि दोन्ही वेळा तो खराच होता. माझं काय? मला पात्र दिलेलं नव्हतं, संहिता नव्हती, आणि तरी मी अठ्ठावीस वर्षं हात जोडत होते. ते नाटकही नव्हतं आणि भक्तीही नव्हती.

भरताचं नाट्यशास्त्र मी वर्गात शिकवते. पहिल्या अध्यायातली कथा मुलांना फार आवडते. ब्रह्मदेवानं नाट्यवेद निर्माण केला, इंद्रध्वजाच्या उत्सवात पहिला प्रयोग झाला, त्यात देवांनी दैत्यांचा पराभव केल्याचं दाखवलं. दैत्य चिडले. विरूपाक्षाला पुढे करून विघ्नांनी नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती थिजवून टाकली. पहिल्या एन्ट्रीला शब्द विसरलेला मुलगा मी अनेकदा पाहिलाय; दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात त्याचं इतकं नेमकं वर्णन आहे याचं मला दरवेळी अप्रूप वाटतं. मग विश्वकर्म्यानं नाट्यगृह बांधलं, कोपऱ्याकोपऱ्यावर रक्षणाला देव बसवले. तिसऱ्या अध्यायात त्या रंगदेवतांची पूजा सांगितली आहे, आणि पूजा न करता प्रयोग करणाऱ्याचं ज्ञान निष्फळ होईल, तो पशुपक्ष्यांच्या योनीत जाईल अशी ताकीद पहिल्याच अध्यायाच्या शेवटी आहे. आमच्या शिपाईकाकांच्या गाऱ्हाण्याशी याचं नातं मला दिसतं. काकांनी भरत वाचलेला नाही, पण मागणी तीच आहे: पोरांची आठवण थिजू देऊ नको.

त्याच पहिल्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, जी मी इतकी वर्षं शिकवून पुढे जात होते. नाट्यवेद हा पाचवा वेद हवाच कशाला होता? तर पहिले चार शूद्रांच्या कानावर पडू द्यायचे नव्हते, म्हणून सर्व वर्णांसाठी एक वेगळा वेद मागितला गेला. म्हणजे रंगभूमी जन्मली तीच कुणालातरी दाराबाहेर ठेवलं होतं म्हणून. दारं नसलेली ती एक जागा. मग तिच्या दारात पुन्हा नमस्काराची अट का? टेम्पोतल्या त्या मुलानं हे विचारलं नाही. त्यानं भरत वाचला नव्हता. विचारायला मी हवी होते.

मराठी रंगभूमीचा इतिहासही मी असाच सरळसोट सांगायचे. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. आधी मंगलाचरण, मग विदूषक, गणपती, मयूरावर सरस्वती, आणि मग कथा. 1880 ला किर्लोस्करांचं 'शाकुंतल', आणि त्याची नांदी. यात खोटं काही नाही. पण भाव्यांनंतर अवघ्या बारा वर्षांनी, 1855 मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहिलं. कुणबी नवराबायकोला ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी आणि बाजूनं सगळं उघड करून सांगणारा विदूषक. दक्षिणा प्राइज कमिटीनं ते स्वीकारलं नाही. ते छापलं गेलं 1979 मध्ये. पुढे आंबेडकरी जलसे आले, भीमराव कर्डकांसारखे जलसाकार आले. त्यांनी तमाशाचा बाज घेतला आणि देवांच्या जागी माणसाच्या हक्काची गोष्ट वाड्यावस्त्यांवर नेली. म्हणजे देवापुढे हात न जोडता मंचावर उभं राहण्याचीही या भाषेत जुनी, घट्ट परंपरा आहे. 'आपली परंपरा आहे, करावं लागतं' असं मला दुसऱ्या दिवशी एका ज्येष्ठ रंगकर्मीनं सुनावलं तेव्हा हे सगळं ओठावर आलं होतं. मी बोलले नाही, याची खंत आहे.

गाऱ्हाण्याच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते मी हलकं मानत नाही. एकोणीस वर्षांची, कधी गावाबाहेर न गेलेली मुलगी साडेसातशे माणसांसमोर उभी राहणार असते. तिचे हात बर्फ झालेले असतात. काकांचा तो घोगरा, घरचा, मालवणी आवाज आणि त्यामागून दहा गळ्यांतून आलेलं 'व्हय म्हाराजा' तिला जमिनीवर आणतं. तिथे कुणी ईश्वराच्या अस्तित्वाचा पुरावा मागत नाही. सगळे एकाच वेळी श्वास घेतात, चूक होणार हे आधीच कबूल करतात, आणि सांभाळून घेण्याची विनंती करतात. इतकी नम्र सुरुवात दुसऱ्या कुठल्या कामाची होते? मला ती सुंदर वाटते. पण सुंदर वाटणं मला फुकट मिळालेलं होतं, हा माझा खरा पेच आहे.

माझ्या लहानपणची एक गोष्ट सांगते. कार्तिक सरला, भात घरात आलं, की जत्रा सुरू व्हायच्या आणि देवळासमोर रात्रभर दशावतार चालायचा. आधी आडदशावतार: गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, वेद पळवणारा संकासुर आणि त्याला मारणारा विष्णू. मग पहाटेपर्यंत आख्यान. आमच्या मंडळींना बसायला देवळाच्या पडवीत पुढची जागा, पिढीजात. एका जत्रेत विष्णू झालेला नट म्हणजे दिवसा आमच्याच खळ्यावर भात झोडायला येणारा माणूस होता. त्याची दोन दिवसांची मजुरी मावशीकडे राहिली होती. संकासुराला मारून तो बाहेर आला तेव्हा मावशीनं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. मी तिचं लुगडं ओढलं. ती म्हणाली, "आता तो इष्णू आसा गो. मजुरीचा सकाळी बघूया."

ही गोष्ट मी वर्षानुवर्षं नाट्यशास्त्राचा भाष्यकार शंकुक याचा चित्रतुरगन्याय समजावताना वापरली. चित्रातला घोडा बघताना आपण तो खरा घोडा मानत नाही, खोटाही मानत नाही, संशयही घेत नाही, नुसता घोड्यासारखा आहे असंही म्हणत नाही. या चारही ज्ञानांपलीकडचं ते एक वेगळंच भान असतं. नटाला राम समजणं म्हणजे तेच. मावशीला ते भान जन्मजात होतं, असं मी सांगायचे आणि वर्ग खूश व्हायचा.

गोष्टीचा उरलेला भाग मी कधी सांगितला नव्हता. सकाळी तो माणूस मजुरीला आला. चेहऱ्याच्या कडेला अजून रंग होता. तो अंगणातच उभा राहिला, कारण त्याला पडवीची पायरी चढायची मुभा नव्हती. मावशीनं पैसे वरून त्याच्या हातात सोडले. शंकुकाचा न्याय खरा आहे, पण तो पहाटेपर्यंतच टिकला. रात्रीच्या नमस्कारामुळे सकाळच्या अंगणात काहीही हललं नाही. मावशीचा नमस्कार खरा होता याबद्दल मला आजही शंका नाही. ती त्या पायांत खरोखर विष्णू बघत होती. आणि त्या खऱ्या नमस्कारानं तो माणूस पायरीखालीच राहिला.

पडवीत बसणाऱ्यांच्या घरातून मी आले. मी देव सोडला तेव्हा मला काही मोजावं लागलं नाही, आणि विंगेत हात जोडले तेव्हाही नाही. दोन्ही बाजूंनी दार उघडं होतं. त्या मुलाच्या आजोबांनी भिंतीवर फ्रेम लावली ती सगळं आयुष्य मोजून लावली. त्याच्या न जोडलेल्या हातांत नटराजाला जेवढं वजन होतं तेवढं माझ्या जोडलेल्या हातांत कधीच नव्हतं. देवाला गंभीरपणे घेणारे त्या विंगेत दोघेच होते, शिपाईकाका आणि तो. एकानं मनापासून मागितलं, दुसऱ्यानं मनापासून नकार दिला. मधले आम्ही बरेचजण नुसते सूर मिळवत होतो.

पुढच्या वर्षी तो पुन्हा टीममध्ये होता. तालमी सुरू झाल्या त्याच आठवड्यात मी सगळ्यांना बसवून सांगितलं, की गाऱ्हाणं होईल, ज्याला यायचं त्यानं यावं, ज्याला नाही त्यानं यायची गरज नाही, आणि मी स्वतः येणार नाही, कारण मी देव मानत नाही. हे वाक्य मी विद्यार्थ्यांसमोर पहिल्यांदा उच्चारलं. दोन मुलींचे चेहरे उतरले. एकीच्या आईचा रात्री फोन आला. बाई घाबरल्या होत्या, स्पर्धेच्या वर्षी मॅडमनी असं का करावं. मी त्यांची समजूत घालू शकले नाही. शिपाईकाकांना वेगळं जाऊन सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुमच्या वाटचा मी मागतंय." त्यांना नाही म्हणायचं मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी म्हटलं नसतं.

प्रयोगाच्या रात्री नारळ वाढवल्याचा आवाज आला तेव्हा मी मंचाच्या दुसऱ्या टोकाला होते. तो गुडघ्यावर बसून लेव्हलच्या फळ्या तळहातानं एकेक दाबून बघत होता. एका प्रवेशात एका मुलीला तिथून अंधारात उडी मारायची होती. हीच त्याची पूजा, असं लिहायचा मोह मला आत्ताही होतोय. लिहिणार नाही. त्यानं त्या कामाला कुठलं नाव दिलेलं नाही, आणि माझ्याजवळचा शब्द त्याच्यावर चिकटवायचा मला अधिकार नाही.

"मॅडम, ती कड जरा दाबा."

मी खाली बसले, दोन्ही हात टेकले, जोर दिला. फळी डुगडुगली. पलीकडून काकांचा आवाज येत होता आणि त्यामागून पोरांचा, या वेळी थोडा विरळ. त्यानं खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढला, दोनदा दुमडला आणि पायाखाली पाचर मारली.

"आता?"

पुन्हा दाबून बघितलं. अजून जराशी हलत होती. त्यानं दुसरा तुकडा काढला.