विहीर तपासणारे आबा

निर्मळजवळच्या एका वाडीत एक फुलवाले राहत. सगळे त्यांना आबा म्हणत. पहाटे सोनचाफा खुडायचा, करंडे बांधायचे, नालासोपाऱ्याहून लोकल धरायची आणि दादरचा फुलबाजार गाठायचा, यातच त्यांचं आयुष्य गेलं होतं.

आबा वाडीला जिवापाड जपत. वसईच्या पट्ट्यात पाण्याचा उपसा वाढला, बावखलं, म्हणजे गोड्या पाण्याची जुनी तळी, बुजवली गेली आणि समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत सरकू लागलं. तेव्हापासून दर उन्हाळ्याच्या तोंडाशी ते विहिरीचं पाणी बाटलीत भरून तपासायला देत. तरुण वाडीवाल्यांनाही सांगत, "जिभेला खारट लागेपर्यंत थांबू नका रे. केळीच्या पानाची कड करपलेली दिसते, तोवर खार मुळाशी कधीच पोचलेला असतो."

असे हे आबा स्वतःच्या शरीराबद्दल मात्र अवाक्षर काढत नसत. साठी ओलांडल्यावर त्यांना रात्रीतून चार-पाचदा लघवीला उठावं लागू लागलं. धार बारीक झाली, मध्येच तुटू लागली, आणि जाऊन आलं तरी मोकळं वाटेना. लोकलच्या डब्यात शौचालय नसतं आणि दादर जवळपास तासाभर लांब. म्हणून त्यांनी आधी रात्रीचं पाणी कमी केलं, मग पहाटेचा चहा सोडला. तरीही निभेना, तेव्हा करंडे घेऊन बोरिवलीला मध्येच उतरू लागले. पुढची गाडी पकडून बाजारात पोचेपर्यंत भाव उतरलेला असे. शेवटी फुलं शेजाऱ्याबरोबर पाठवायला लागले. कोणी विचारलं तर म्हणत, "गुडघे धरलेत."

गुडघे धडधाकट होते. आपल्याकडचे कितीतरी पुरुष या दुखण्याला असंच दुसऱ्या कशाचं तरी नाव देतात, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. मूळ असतं ते बहुधा प्रोस्टेटमध्ये. ही मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून असलेली छोटी ग्रंथी. वय वाढतं तशी ती बहुतेक पुरुषांमध्ये वाढते आणि मार्ग आवळते. यात कुणाच्या पुरुषपणाला कमीपणा येत नाही.

त्या वर्षीही आबा बाटली भरून निघाले, तेव्हा त्यांच्या बायकोने त्यांना पायरीवरच थांबवलं. "खारट लागेपर्यंत थांबू नका, असं साऱ्या गावाला सांगता. तुम्ही स्वतः कशाची वाट बघताय?"

आबांना उत्तर सुचलं नाही. त्याच आठवड्यात दोघं वसईला मूत्रविकारांच्या डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात उतरणारं प्रथिन, मोजायला रक्त घेतलं, लघवी तपासायला पाठवली. सोनोग्राफीला भरपूर पाणी पिऊन लघवी रोखून धरावी लागली. मग जाऊन आल्यावर पुन्हा एकदा, मूत्राशयात किती उरते ते पाहायला. एका यंत्रात लघवी करून धारेचा वेगही मोजला. आबांना धास्ती होती ती गुदद्वारातून बोटाने करायच्या तपासणीची. तिच्यापायीच त्यांनी दोन वर्षं काढली होती. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायचं. मिनिटभरही लागलं नाही. "ग्रंथी वाढली आहे, पण मऊ आहे, गाठ लागत नाही," डॉक्टर म्हणाले.

पीएसए आला ७.८. साधारण ४ च्या वर गेला की डॉक्टर पुढे चौकशी करतात. कागद पाहून आबांचे हात गार पडले. कॅन्सर हा एकच शब्द डोक्यात घुमू लागला. डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "आबा, हा आकडा म्हणजे निदान नव्हे. ग्रंथी नुसती वाढली तरी तो चढतो, संसर्ग झाला तरी चढतो. तुमच्या लघवीत संसर्ग आहे. आधी तो बरा करू, मग रक्त पुन्हा पाहू. तेव्हाही चढाच राहिला तर एमआरआय, आणि गरज पडली तर तुकडा काढून तपासायचा. पण आलात हे बरं केलंत. या ग्रंथीचा कॅन्सर सुरुवातीला बहुधा काहीच जाणवू देत नाही. काही जण पाठीची हाडं दुखायला लागल्यावर येतात, तेव्हा तो पूर्ण बरा करणं बहुधा आमच्या हातात उरत नाही."

औषधांचा कोर्स झाला. मधले दीड महिने आबांना नीट झोप नव्हती, आणि ती भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या वेळी पीएसए ३.१ आला. मार्ग सैल करणारी गोळी रात्री घ्यायची, उठताना चक्कर येऊ शकते म्हणून सावकाश उठायचं, आणि ठरल्या वेळी पुन्हा दाखवायचं, एवढं डॉक्टरांनी सांगितलं. महिन्याभरात रात्रीचं उठणं एक-दोनदावर आलं आणि आबा स्वतः करंडे घेऊन पुन्हा गाडीत चढले.

शेजारी बरोबर होताच. पंचावन्नचा गडी. बोरिवली जवळ आली तसा तो चुळबुळत उठला आणि म्हणाला, "आबा, तुम्ही पुढे व्हा. जरा पोट बिघडलंय."

आबाही करंडे उचलून त्याच्या मागे उतरले. तो परत येईपर्यंत फलाटावर थांबले आणि मग, आजूबाजूच्या लोकांची पर्वा न करता, सरळ बोलले, "पोट नाही रे बिघडलं. मलाही हेच होत होतं. परवा मला डॉक्टरांकडे जायचंय, तू चल माझ्याबरोबर. निघताना पाणी भरपूर पी, आणि सोनोग्राफी होईपर्यंत लघवीला जाऊ नकोस."