पडत्या काळातील हजेरी

गेल्या हिवाळ्यातील एका दुपारी आम्ही कोलकात्याच्या मैदानावरून चाललो होतो. (आमच्या तोंडी या शहराचे नाव अजून कलकत्ताच येते, त्याला इलाज नाही.) एका कडेला मुलींचा हॉकीचा सामना चालला होता. दोन महाविद्यालयांचे संघ होते. प्रेक्षक म्हणावेत तर आम्ही, एक चहावाला आणि मुलींच्या पिशव्या सांभाळीत बसलेले एक वृद्ध बंगाली गृहस्थ. निळ्या पोषाखातील संघाचा हा ओळीने सहावा पराभव होऊ घातला आहे, ही माहिती त्यांच्याकडूनच मिळाली. "मग या मुली खेळतात तरी कशाला?" असा प्रश्न आमच्या तोंडून निसटला. गृहस्थांनी आमच्याकडे नवलाने पाहिले आणि ते बंगालीत म्हणाले, "का म्हणजे? शनिवारी सामना असतो ना!"

त्या वेळी आम्ही हसलो. पण घरी परतेपर्यंत ते उत्तर मनातून जाईना. अपयशाची माळ लागली असता तेच काम नेमाने करीत राहण्यात काही नैतिक मूल्य आहे, की तो केवळ सवयीचा हट्ट म्हणावयाचा? आणि जे असे हरत असतात, त्यांचे आपण बाहेरचे लोक काही देणे लागतो काय?

आपणा मराठी माणसांजवळ या प्रश्नाचे उत्तर तयार असते. गीतेने फळाची आसक्ती सोडावयास सांगितली आहे आणि लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात बसून त्या उपदेशाला कर्माचे बळ दिले आहे. तेव्हा खेळावे, फळाकडे पाहू नये, इतके म्हणून आपण मोकळे होतो. परंतु हे स्वस्त केलेले उत्तर त्या मैदानावर नेऊन पाहिले की त्यातील अडचण ध्यानात येते. जिला गोल व्हावा अशी इच्छाच नाही, अशी आघाडीची खेळाडू कर्मयोगिनी ठरत नाही. ती वाईट खेळाडू ठरते. खेळाचा अर्थच जिंकण्याच्या इच्छेवर उभा आहे. पराभव टोचेनासा झाला की संयम आला असे आपण समजतो. पुष्कळदा तो बधिरपणा असतो.

दुसरे उत्तर व्यवहारी लोकांचे. धीर धरावा, यश शेवटी येतेच, असे ते म्हणतात. भारताच्या महिला हॉकी संघाचा इतिहास या उत्तराला अनुकूल आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये महिलांची हॉकी प्रथमच खेळली गेली आणि आपला संघ चौथा आला. त्या संघातील पुण्याच्या एलिझा नेल्सन यांच्या नेतृत्वाखाली १९८२च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर मात्र ऑलिंपिकचे दार पुन्हा उघडावयास ३६ वर्षे लागली. आणि उघडले तेव्हा, २०१६ साली रिओ येथे, आपण बारा संघांत बारावे आलो. पुढे २०२१ साली टोकियोमध्ये पहिले तिन्ही सामने गेले: नेदरलँड्सकडून ५-१, जर्मनीकडून २-० आणि ग्रेट ब्रिटनकडून ४-१. याच मुलींनी त्यानंतर आयर्लंड व दक्षिण आफ्रिका यांना हरविले आणि उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियावर एका गोलाने मात केली. पदक हुकले, पण धीराचे फळ मिळाले, असे म्हणावयास जागा झाली.

गोष्ट येथे संपली असती तर ती शालेय पुस्तकात शोभली असती. ती संपली नाही. १९ जानेवारी २०२४ रोजी रांची येथे जपानने आपल्याला १-० असे हरविले आणि पॅरिसचे दार बंद झाले. कलकत्त्याहून रांचीला रात्रीच्या गाडीने निघाले की सकाळी पोचता येते; इतक्या जवळ हे घडले. फलटण तालुक्यातून आलेली वैष्णवी फाळके त्या संघात होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात राजगीरला चीनला हरवून संघाने आशियाई चॅम्पियन्स करंडक जिंकला आणि लगेच पुढे २०२४-२५च्या प्रो लीगमध्ये तोच संघ सर्वांत शेवटी राहिला. तेव्हा यश येते आणि जाते, एवढेच या इतिहासावरून सिद्ध होते. भावी यशाच्या हवाल्यावर आजचा धीर तारण ठेवणाऱ्याला यातून कसलीच हमी मिळत नाही. हरत असताना टिकून राहण्याचे समर्थन त्या टिकण्यातच सापडले पाहिजे. नाही तर ते कोठेच नाही.

मग ते कशात आहे? आम्हांस वाटते, ते प्रथम सचोटीत आहे. पडत्या काळात मनुष्यापुढे दोन सोप्या वाटा असतात: सगळा दोष आपलाच म्हणावयाचा, किंवा सगळा दोष नशिबाचा. दोन्हींत विचाराचे कष्ट वाचतात. १९२८ ते १९५६ या काळात आपल्या पुरुष संघाने ओळीने सहा ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. १९७६ साली मॉन्ट्रियल येथे ऑलिंपिकची हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली आणि आपण सातवे आलो. मातीच्या आणि गवताच्या मैदानावर चेंडू स्टिकला चिकटवून नेण्याचे जे कौशल्य पिढ्यान् पिढ्या कमावले होते, त्याचे मोल त्या वेगवान पृष्ठभागावर घटले. पायाखालची जमीनच बदलली, हा काही खेळाडूंचा अपराध नव्हता. पण बदललेली जमीन ओळखून नवी हिरवळ घालावयास आणि तिच्यावरील खेळ शिकावयास आपण जो विलंब लावला, तो कोणाचा तरी दोष होताच. आपले किती आणि परिस्थितीचे किती, याचा हिशेब कोणालाही न भिता मांडता येणे, ही पराभवाच्या दिवसांतील पहिली नीती होय. जिंकणाऱ्याला हा हिशेब कोणी विचारीत नाही, म्हणून तो बहुधा मांडीतही नाही.

आता प्रेक्षकांविषयी. संघनिष्ठा म्हणजे काय, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने या शहरात यावे. १९३४ पासून ओळीने पाच वर्षे कलकत्ता लीग जिंकणाऱ्या मोहामेडन स्पोर्टिंगला १९८१ नंतर तीच लीग पुन्हा जिंकावयास २०२१ साल उजाडले. या चाळीस वर्षांत त्याचे चाहते मैदान सोडून गेले नाहीत. परंतु याच निष्ठेचे भयंकर रूपही या शहराने पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९७५ रोजी आय.एफ.ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहनबागानला पाच गोलांनी हरविले आणि मोहनबागानच्या एका तरुण चाहत्याने तो पराभव असह्य होऊन आपले जीवन संपविले. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्समध्ये याच दोन संघांच्या सामन्यात दंगल उसळून १६ प्रेक्षक मृत्यू पावले. त्यांच्या स्मरणार्थ या दिवशी येथे रक्तदान केले जाते. जी निष्ठा दुसऱ्याच्या खेळावर आपल्या साऱ्या अब्रूचा भार टाकते, ती खेळाडूला आधार देत नाही. ती त्याच्या खांद्यावर बसते.

आणि याच्या अगदी उलट टोकाला त्या निळ्या पोषाखातील मुली होत्या. त्यांच्या पराभवाने कोणी छाती पिटली नाही, कारण तो पाहावयासच कोणी आले नव्हते. स्त्रियांच्या खेळाच्या वाट्याला बहुतेक वेळा हेच येते. अतिरेकी निष्ठा आणि संपूर्ण उपेक्षा यांच्या मध्ये जी एक साधी गोष्ट आहे, तिला आम्ही 'हजेरी' म्हणतो. हरणाऱ्याला सल्ला देणारे पुष्कळ भेटतात आणि दया दाखविणारेही भेटतात. दोघेही त्याला आपल्याहून खालच्या पायरीवर धरतात. जो नुसता येऊन बसतो, खेळ नीट पाहतो, चुकीला चूक म्हणतो आणि पुढच्या शनिवारी पुन्हा येतो, तो मात्र त्याला बरोबरीचा मानतो.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी सरकारी नोकरीत आयुष्य घालविले आहे. गोपनीय अहवालात काय लिहिले जाते आणि काय लिहिले जात नाही, हे त्यांना ठाऊक आहे. परमुलखात बदली होऊन आल्यावर ज्या वर्षी काहीच मनासारखे होत नाही, बढती हुकते आणि हाती घेतलेले काम वरून गुंडाळले जाते, त्या वर्षी आपल्या दारी कोण आले, हे माणूस विसरत नाही. अभिनंदनाचे हार घेऊन आलेल्यांची नावे मात्र आठवावी लागतात. आपणही कितीजणांच्या दारी त्यांच्या पडत्या वर्षी गेलो, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला, आणि उत्तर फारसे अभिमानास्पद आले नाही. काय बोलावे ते सुचत नाही, ही सबब आम्ही वर्षानुवर्षे वापरली. बोलावयाचे काही नव्हतेच. जावयाचे तेवढे होते.

त्या वृद्ध गृहस्थांच्या उत्तराचा अर्थ आम्हांस आता थोडासा लागतो आहे. शनिवारी सामना असतो, म्हणून खेळाडूने यावयाचे, जिंकावयाचे म्हणून खेळावयाचे. आणि तेवढ्याचसाठी पाहणाऱ्यानेही यावयाचे. त्या दिवशी निळा संघ १-३ असा हरला. शेवटची काही मिनिटे उरली असता त्यांच्या एका मुलीने चेंडू जाळ्यात घातला, तेव्हा दोन गोलांची पिछाडी भरून निघणार नाही हे ठाऊक असूनही ती चेंडू उचलून मध्यरेषेकडे धावत सुटली. चहावाल्याने टाळी वाजविली. आम्हीही वाजविली. पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा त्या बाजूला गेलो, तेव्हा पिशव्यांशेजारची जागा त्या गृहस्थांनी काही न बोलता आमच्यासाठी सरकून मोकळी केली.