मागील बाकी

सार्वजनिक तलावाच्या खिडकीवर पास काढायला गेलं की काचेमागे एक पाटी दिसते. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर तोच: गैरहजर राहिलेले दिवस वाढवून मिळणार नाहीत. फिरतीच्या नोकरीतल्या माणसाला ही पाटी सुरुवातीला फार जाचते. पैसे अख्ख्या महिन्याचे भरायचे आणि महिन्यातले कितीतरी दिवस आपण तालुक्याच्या गावी, शाखेच्या स्ट्राँगरूममध्ये सोनेतारणाची पाकिटं मोजत बसलेलो. खिडकीवरच्या बाबांशी वाद घालून पाहावा, तर ते मान वर न करता म्हणतात, "मॅडम, गेला तो दिवस गेला." हौसेखातर पोहणाऱ्याला एवढा नेमका सल्ला दुसरं कोणी देत नसेल, असं मला आताशा वाटू लागलं आहे.

आमचं कामच बाकीचं. बँकेच्या ऑडिटला असलेला माणूस दिवसभर फिरवून फिरवून एकच विचारतो: राहिलेलं कुठे गेलं? व्हाउचर सापडत नाही, सही राहिली आहे, हप्ता आलेला नाही. जे राहिलं ते पुढच्या पानावर ओढायचं आणि निकाली निघेपर्यंत ओढत राहायचं. ऑफिसात ही सवय चांगलीच, पगार तिचाच मिळतो. पण ती सहा वाजता शाखेचं शटर पडल्यावर तिथे थांबत नाही, आपल्याबरोबर एसटीत बसते. मग मंगळवारचं पोहणं चुकलं, बुधवारचंही चुकलं, तर रविवारी दुप्पट पोहू, असा हिशेब डोक्यात सुरू होतो. मनगटावरचं घड्याळ त्यात भर घालतं. तुमची साखळी तुटली, असं ते मोठ्या दुःखाने कळवतं. परभणीच्या स्टँडवर उशिरा येणाऱ्या गाडीची वाट पाहणाऱ्या बाईला ही बातमी नेमकी कशासाठी हवी असते, ते घड्याळ बनवणाऱ्यांनाच ठाऊक.

शरीर हा असला हिशेब ठेवत नाही. पोहणं थांबलं की पहिल्या एकदोन आठवड्यांतच रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, कमी व्हायला लागतो. हृदय एका ठोक्याला थोडं कमी रक्त ढकलतं आणि काल सहज जमलेल्या अंतराला आज धाप लागते. दमसास आधी जातो तो असा. हातापायांनी शिकलेलं मात्र टिकतं. गावाकडच्या विहिरीत पाठीला पांगाऱ्याचं लाकूड नाहीतर पत्र्याचा डबा बांधून जो पोहायला शिकला, तो कित्येक वर्षांनी पाण्यात उतरला तरी हातपाय कसे मारायचे ते विसरत नाही. चार हात मारून कठडा धरतो आणि हसत धापा टाकतो. या दोन्हींच्या मधली गोष्ट म्हणजे पाण्याची पकड. फ्रीस्टाइलमध्ये हात पुढे टाकल्यावर कोपर वर राहायला हवं आणि पंजापासून कोपरापर्यंतच्या सगळ्या भागाने पाणी मागे लोटायला हवं. सराव असला की हाताला पाण्याचं वजन लागतं. खंड पडला की तेच पाणी बोटांमधून निसटून जातं, आपण हात जोरजोरात फिरवतो आणि जागच्या जागी असतो.

फिरतीवरून आल्यानंतरचा पहिला दिवस मला आता पाठ झाला आहे. उथळ बाजूच्या पायऱ्यांवर नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ जातो. टोपी नीट बसत नाही, गॉगलचा पट्टा आवळावा लागतो. पहिली लांबी बरी जाते, कारण ती उत्साहावर निघते. दुसऱ्या लांबीच्या मध्यावर कळतं की आपण पाण्याखाली श्वास सोडतच नव्हतो, कोंडून धरला होता, आणि तोंड बाहेर काढल्यावर सोडणं आणि घेणं दोन्ही एकदम करायला पाहत होतो. मग नाकात पाणी, ठसका, दोरीला हात. शेजारच्या लेनमधल्या काकू न थांबता म्हणतात, "बुडबुडे सोड, बुडबुडे." त्यानंतर वेग सोडून द्यायचा. तोंड पाण्यात, बुडबुडे सावकाश, तीन हातांनी श्वास, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. तेवढ्यात वेळ संपते आणि शिट्टी होते. एवढंच पोहणं झालं, आणि तेवढं पुरतं.

त्या दिवशी भरपाई करायची हुक्की येते ती खांद्याच्या जिवावर. हौशी माणसाला २५ मीटरच्या एका लांबीला साधारण वीस हात लागतात, म्हणजे किलोमीटरला आठशेच्या घरात. दर वेळी खांदा डोक्यावरून पूर्ण फिरतो. पोहणाऱ्यांची खांदेदुखी इतकी नेहमीची आहे की डॉक्टरांकडे तिला स्वतंत्र नाव आहे, आणि अंतर एकाएकी वाढवणं हे तिच्या ठरलेल्या कारणांपैकी एक. दोन आठवडे लॅपटॉपवर वाकून बसलेला खांदा रविवारी दुप्पट कामाला लावायचा, ही वसुली कर्जदाराला बुडवणारी आहे.

स्पर्धकाचं वेगळं. कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ साली बीजिंग ऑलिंपिकला गेला, २०१० साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायला त्याने कांस्य मिळवलं. त्याआधी पोहण्यातलं आशियाई पदक भारताला मिळालं होतं ते १९८६ साली सोलला, खजान सिंग यांचं. वीरधवल पुढे तहसीलदार झाला. तहसीलदारकी म्हणजे दाखले, पंचनामे, निवडणुका, पाऊस जास्त झाला की पूर आणि कमी झाला की टंचाई; त्यातून तलाव गाठायचा. तरीही २०१८ साली जकार्ताला तो ५० मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम फेरीत होता, आणि कांस्यपदक सेकंदाच्या एका शतांशाने हुकलं. त्या शतांशात काय काय होतं, कोण सांगणार. पण त्याच्या पातळीवर हा प्रश्न विचारायला अर्थ आहे. तिथे चुकलेला सराव पाटीवर आकड्यात उमटू शकतो. माझ्या वेळेची नोंद शेजारच्या लेनमधल्या काकूसुद्धा ठेवत नाहीत. हौशी माणसाला मिळालेली ही सवलत आहे, आणि आम्ही ती न वापरता स्पर्धकाची चिंता फुकटात घरी आणतो.

फिरतीत पोहणं जमतं का, असं लोक विचारतात. कधी कधी. हॉटेलच्या पाटीवर 'स्विमिंग पूल' असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ बहुधा चार फूट खोल आणि मधेच वळलेलं एक निळं डबकं. दहा-बारा हातांत समोरची भिंत येते. तो सकाळी सातला उघडतो आणि शाखेची गाडी सव्वासातला दारात उभी असते. संध्याकाळी जावं, तर लग्नाच्या वऱ्हाडातली पोरं मुटके मारत असतात, आणि ते पाहायला मजा येते हे खरं असलं तरी पोहता येत नाही. क्लोरीनचा वास भपकन आला तर पाणी फार स्वच्छ आहे अशी आपली समजूत असते. खरं तर तो वास क्लोरीनचा घामाशी आणि लघवीशी संयोग झाल्यावर जास्त येतो. आधी अंघोळ करून उतरा, ही पाटी त्यासाठी. ती वाचणारा माणूस मी हॉटेलात फारसा पाहिलेला नाही.

सगळ्यात मोठा प्रश्न ओल्या पोशाखाचा. सकाळी पोहलं आणि दुपारी खोली सोडायची, तर तो बॅगेत फाइलींच्या शेजारी जाणार. माझी रीत अशी: साध्या पाण्यात दोनदा खळबळून काढायचा, कारण क्लोरीन लायक्राचं लवचीकपण खातो आणि पोशाख मागच्या बाजूने विरत जातो. पिळायचा नाही. जमिनीवर कोरडा टॉवेल पसरायचा, त्यावर पोशाख, टॉवेलची गुंडाळी करायची आणि तिच्यावर दोन्ही पायांनी उभं राहून सगळीकडे दाब द्यायचा. उघडल्यावर तो नुसता दमट उरतो. पंख्याखाली तासाभरात वाळतो. खोली आवरायला आलेल्या मावशींनी एकदा मला गुंडाळीवर उभं असलेलं पाहिलं आणि दार हळूच लावून घेतलं.

मोठ्या शहरात काम निघालं की सोय बरी होते. मुंबईत दादरला शिवाजी पार्कजवळ महापालिकेचा तलाव आहे, पणजीत कांपालला सरकारी तलाव आहे. पाहुण्याला एका दिवसाचं तिकीट मिळेल का, डॉक्टरांचा दाखला लागेल का, हे आधी फोनवर विचारून ठेवायचं. खरी अडचण वेळेची. अनेक ठिकाणी बायकांची बॅच सकाळी साडेदहाला नाहीतर दुपारी चारला. ही वेळ ठरवणाऱ्यांच्या डोळ्यासमोर कोणती बाई होती, मला कळलेलं नाही. घरचं आवरून निवांत झालेली असावी. ती बाई मला अजून कुठल्याच तलावावर भेटलेली नाही. भेटतात त्या शाळेतून, बँकेतून, दवाखान्यातून अर्धी रजा टाकून आलेल्या. मिश्र बॅच पहाटे असते तिथे मी तीच धरते.

आणि काही ठिकाणी पोहणं चुकतं ते चुकायलाच हवं. मराठवाड्यात मे महिन्यात एका हॉटेलच्या काउंटरवर मी तलावाची वेळ विचारली, तर मुलगा म्हणाला, "मॅडम, तलाव आहे, पाणी नाही." त्याला ओशाळल्यासारखं झालं होतं. वास्तविक ओशाळायचं मी. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या आणि पाणी सुमारे ५ लाख लिटर. आता २५ मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल अशा साध्या तलावाचा गुणाकार करून पाहा: साडेचार लाख लिटर. म्हणजे ज्यात मी सकाळी सहज हातपाय मारते, ते पाणी जवळजवळ एक आगगाडी भरून आहे. तलावाचं पाणी गाळून पुन्हा पुन्हा वापरतात, रोज बदलत नाहीत, हे मला माहीत आहे. तरीही हा गुणाकार एकदा केला की विसरता येत नाही. त्या मुक्कामात पोहले नाही याची रुखरुख मी बाळगत नाही. खोलीत बादली अर्धीच भरते.

फिरतीहून परतल्यावर हीच वसुलीची सवय घरावर निघते. पुणे स्टेशनवर उतरले की रिक्षातच यादी सुरू होते: आल्या आल्या फ्रिज आवरायचा, लेकीचा राहिलेला अभ्यास घ्यायचा, सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं, रात्री सगळ्यांच्या आवडीचं काहीतरी करायचं. चार दिवसांचं आईपण आणि सूनपण एका संध्याकाळी भरून द्यायचं. घरात मात्र तोवर कोणाचं काही अडलेलं नसतं. नवऱ्याने भाजी आणलेली असते, जरा जास्तच आणलेली असते. गॅसचा नंबर लावलेला असतो. सासूबाई डॉक्टरकडे रिक्षाने जाऊन आलेल्या असतात आणि डोळ्यांत थेंब घालून बसलेल्या असतात. मी ओटा पुसायला घेतला की त्या म्हणतात, "अगं, आल्या आल्या घर डोक्यावर घेऊ नकोस. पुसलाय तो मगाशीच." त्यांना माझी मागची बाकी नको असते. आज मी घरात आहे, तर आजचा चहा मी टाकावा, एवढंच त्यांचं म्हणणं. मीही मग तेवढाच टाकते. भरपाईच्या पोटी केलेला पाहुणचार घरच्यांना ओळखू येतो आणि थोडा अवघडतोही, हे मला तलावावर नाही, याच ओट्याशी कळलं.

लेकीने मात्र यंदा पोहण्याचा पास स्वतः मागून घेतला. तिला फ्रीस्टाइल आवडत नाही. तिला ब्रेस्टस्ट्रोक हवा, कारण त्यात इकडेतिकडे बघता येतं. परवा मला लातूरला जायचं आहे. जाण्याआधी उद्या पहाटेच्या बॅचला तिला पायांची लाथ दाखवायचं ठरलं आहे: टाचा मागे ओढायच्या, पावलं बाहेर वळवायची, मग गोल फिरवून जोडून घ्यायची. काल रात्री हॉलमध्ये सतरंजीवर पालथी पडून मी तिला एकदा करून दाखवली. तिचं मत पडलं की बेडूक माझ्यापेक्षा बरी मारतो.