शेवटी आलेला 'फ्रॉम'

परवा एका शिबिरात इंग्रजीच्या एका ज्येष्ठ पेपरसेटर गृहस्थांनी फर्मान काढले: प्रश्नाच्या शेवटी प्रीपोझिशन ठेवणे म्हणजे अडाण्याचे इंग्रजी. टाळ्या पडल्या. आपल्याकडे इंग्रजीबद्दल कोणी दरडावून बोलले की टाळ्या पडतातच.

या फर्मानाचा मूळ पुरुष इंग्रज कवी-नाटककार जॉन ड्रायडन. १६७२ मध्ये त्याने याच कारणावरून नाटककार बेन जॉन्सनला धारेवर धरले. जॉन्सन जाऊन तेव्हा ३५ वर्षे झाली होती, त्यामुळे उलट उत्तराची भीती नव्हती. पुढे ड्रायडनला स्वतःचेच जुने गद्य टोचू लागले. नाट्यकाव्यावरच्या आपल्या निबंधाच्या १६८४ च्या आवृत्तीत त्याने वाक्यांच्या शेवटची प्रीपोझिशन्स उचलून आत नेऊन बसवली. लॅटिनमध्ये अशी रचना चालत नाही, आणि विद्वानांचे सोवळे तेव्हा लॅटिनचे होते. १७६२ मध्ये रॉबर्ट लोथने आपल्या व्याकरणात ही सवय इंग्रजीच्या अंगचीच असल्याचे मान्य केले, तरी गंभीर लेखनात दुसरी रचना बरी, असा सल्लाही दिला. गंमत अशी की ती कबुली देणारे त्याचे वाक्यच 'टू'वर संपते! १९२६ मध्ये कोशकार फाउलरने या नियमाची गणना अंधश्रद्धेत केली. शिबिरापर्यंत ती बातमी अजून पोचायची आहे.

इथवर मी फाउलरच्या बाजूचा. पण गणिताचा हा प्रश्न पाहा: 'व्हॉट नंबर शुड सेव्हन बी सबट्रॅक्टेड फ्रॉम टू गेट ट्वेल्व्ह?' व्याकरण निर्दोष. तरी 'फ्रॉम' आणि 'टू' एकमेकांना खेटून उभे, आणि 'फ्रॉम' ज्याचा, तो 'व्हॉट नंबर' पार दुसऱ्या टोकाला. गणित इंग्रजीतून शिकणाऱ्या सेमी इंग्रजीतल्या मुलाच्या मराठीत 'कोणत्या संख्येतून' हे एकजीव असते. विभक्तीचा प्रत्यय नामाला सोडून वाक्याच्या शेवटी जाऊन बसत नाही. त्याला 'फ्रॉम व्हॉट नंबर' हीच रचना जवळची वाटणार. म्हणजे ज्येष्ठ गृहस्थांचे कारण चुकीचे असले, तरी या मुलापुरता त्यांचा उपाय अगदीच टाकाऊ नाही. हे लिहिताना मला आनंद होत नाही.

पण यापेक्षा सरळ वाट आहे: 'सबट्रॅक्ट सेव्हन फ्रॉम अ नंबर. द आन्सर इज ट्वेल्व्ह. फाइंड द नंबर.' वाक्ये तीन, गुंता शून्य. आता कोणी १९ ऐवजी ५ लिहिले, तर त्याला गणित आले नाही असे निदान म्हणता येईल. आधीच्या प्रश्नात चूक वजाबाकीची की वाचनाची, हे तपासनिसाला कळूच शकत नाही. अमेरिकेत जमाल अबेदी आणि कॅरल लॉर्ड यांनी आठवीच्या १,१७४ विद्यार्थ्यांवर हेच करून पाहिले: गणित तेच, भाषा सोपी. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात फरक लहान होता, पण होता. आणि इंग्रजी अजून शिकत असलेल्या मुलांना सोप्या भाषेचा लाभ अधिक झाला.

'मग इंग्रजी शिकणार कधी?' हा आक्षेप येणारच. इंग्रजीच्या पेपरात शिकावे ना! तिथे प्रीपोझिशन जरूर विचारा. पण 'डिफरंट'पुढे गाळलेली जागा ठेवून पर्यायांत 'फ्रॉम' आणि 'टू' दोन्ही द्यायचे, आणि ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही चालत असताना एकालाच गुण द्यायचे, हे धंदे बंद करा. गणिताच्या पेपरात गणित विचारा. आणि शिबिरात टाळ्या घेण्याआधी प्रत्येक पेपरसेटरने आपला प्रश्न वर्गातल्या सर्वांत कच्च्या मुलाला वाचायला देऊन एवढेच विचारावे: 'तुला काय करायला सांगितलंय?' त्याला ते सांगता आले नाही, तर प्रश्न बदलावा.