शेवटी राहिलेला कोलन

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात ओंकारला लागून चार महिने झाले होते. आपल्या इंटेल संगणकावर बसून आर्म प्रोसेसरच्या बोर्डासाठी प्रोग्रॅम तयार करायचे, हे त्याचं काम. त्याला क्रॉस कंपायलर लागतो. राहतो इथे, बोलतो तिथली भाषा. तयारही मिळतो, पण ओंकारला तो स्वतः बांधायचा होता. थोडी हौस, बरीचशी खुमखुमी.

क्रम त्याला पाठ होता. आधी बिनयुटिल्स, म्हणजे असेंब्लर आणि लिंकर. मग जीसीसीचा पहिला अर्धाकच्चा अवतार, मग ग्लिबसी आणि शेवटी पूर्ण जीसीसी. बिनयुटिल्स बिनबोभाट झालं. जीसीसी मात्र लिबजीसीसीपाशी आपटलं: 'कॅनॉट कंप्यूट सफिक्स ऑफ ऑब्जेक्ट फाइल्स'.

पहिल्या रात्री त्यानं जीसीसीची आवृत्ती बदलली. दुसऱ्या रात्री कळलं, की एमपीसी लायब्ररी सापडली नाही तरी हाच एरर येतो. म्हणून तिचा पत्ता एलडी लायब्ररी पाथमध्ये घातला. तिसऱ्या रात्री दिसेल ते डिसेबल केलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. स्क्रिप्ट लांबत गेली, एरर तसाच.

चौथ्या दिवशी मॅडम चहाचा कप घेऊन मागे उभ्या राहिल्या.

"एररच्या खाली काय लिहिलंय?"

"कॉन्फिग डॉट लॉग बघा म्हणतोय. बघितली मॅडम, तिच्यात काही नाही."

"कुठली बघितलीस? वरच्या फोल्डरातली? लिबजीसीसीची वेगळी असते."

ती उघडली. शेकडो ओळींच्या मधोमध एक साधी तक्रार होती: असेंब्लर म्हणत होता, 'एमईएबीआय' हा पर्याय मला ठाऊक नाही.

"हा आर्मचा पर्याय," मॅडम म्हणाल्या. "आर्मचा असेंब्लर त्याला नाही म्हणेल का? मग बोलतोय कोण?"

बोलत होता इंटेलचा असेंब्लर. जीसीसी आपला असेंब्लर टार्गेटच्या नावाच्या फोल्डरात शोधतं. तिथे तो नव्हता, म्हणून वाटेत जो भेटला त्यालाच त्यानं कामाला लावलं. आणि नव्हता का? बिनयुटिल्स बांधताना ओंकारनं टार्गेट लिहिलं होतं 'आर्म-लिनक्स-जीएनयूईएबीआय', आणि जीसीसीला त्याच्यापुढे 'एचएफ'. हार्ड फ्लोट, म्हणजे फंक्शनला अपूर्णांक द्यायचे ते फ्लोटिंग पॉइंटच्या रजिस्टरांतून. बोर्डाला तेच हवं होतं. दोन अक्षरांपायी तीन रात्री.

बिनयुटिल्स पुन्हा बांधलं आणि लिबजीसीसी गुपचूप पार पडलं. ओंकारनं घरी फोन करून सांगितलं, आज जेवायला येतो.

संध्याकाळी ग्लिबसी कॉन्फिगरलाच अडून बसलं: एलडी लायब्ररी पाथमध्ये चालू फोल्डर असता कामा नये.

"पण मी घातलंच नाहीये!" तो रिकाम्या खोलीला म्हणाला. मॅडम निघून गेल्या होत्या.

दुसऱ्या रात्रीची ती ओळ त्यानं शोधून काढली. एमपीसीचा पत्ता, पुढे कोलन, त्यापुढे त्या व्हेरिएबलची जुनी किंमत. जुनी किंमत काहीच नव्हती. कोलन तेवढा शेवटी लोंबकळत राहिला होता, आणि कोलननंतर काही नसलं की त्याचा अर्थ चालू फोल्डर असाच धरला जातो. चुकीच्या दुखण्यावरचं हे औषध आज पोटात दुखायला लागलं होतं.

एक कोलन खोडला की झालं असतं. त्यानं कर्सर तिथे नेलाही. मग थांबला, आणि स्क्रिप्ट वरपासून वाचू लागला. प्रत्येक ओळीपाशी: ही का आहे? ज्या ओळीला उत्तर नव्हतं ती उडवली. एमपीसीची ओळ गेली, डिसेबलांची रांग गेली. घरून दोनदा फोन आला.

एकतीसपैकी नऊ ओळी उरल्या. त्यातल्या आठवीपाशी तो बराच वेळ बसला; ती खरंच लागते की नाही, हे काही त्याला सांगता येईना. शेवटी तीही काढली, बिल्ड फोल्डर रिकामा केला, पहिल्यापासून मेक सोडलं आणि डबा गरम करायला उठला.